अमोनिया, नवसागर आणि साका: कमकुवत आम्लारीचे प्रयोग व गणितं कशी करावीत

दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला सायन्स घेतलं की रसायनशास्त्रात दोन गोष्टी अंगावर येतात. एक, आयनिक समतोलाची गणितं. दुसरी, क्षार विश्लेषणाचं प्रॅक्टिकल. वर्गात त्या वेगवेगळ्या महिन्यांत शिकवल्या जातात, म्हणून त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे लक्षातच येत नाही. तिसऱ्या गटाला (लोह, ॲल्युमिनियम खाली बसवून वेगळे काढण्याच्या पायरीला) आधी नवसागर आणि मगच अमोनिया का घालायचा, हे प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी लिहीत नाही. ते उत्तर समतोलाच्या धड्यात आहे.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी किंवा आश्रमशाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात मोजक्या साहित्यावर प्रॅक्टिकल घेणाऱ्या नव्या शिक्षकांसाठीही. क्रम बदलू नका. पाणी आणि अमोनिया आधी नीट तयार केले नाहीत, तर पुढचं एकही गणित नळीत दिसणाऱ्या गोष्टीशी जुळणार नाही.

लिहिण्याची पद्धत: १०^-५ म्हणजे दहाचा वजा पाचवा घात. केबी म्हणजे आम्लारीचा आयनीभवन स्थिरांक, केएसपी म्हणजे विद्राव्यता गुणाकार. क्यू म्हणजे तोच गुणाकार, पण द्रावणात त्या क्षणी असलेल्या संहतींचा; तो केएसपीपेक्षा मोठा झाला की साका बसतो. पुस्तकातला अवक्षेप किंवा प्रेसिपिटेट म्हणजेच साका.

१. साहित्य जमवा

विकत आणायचं:

- मॅग्नेशियम सल्फेट. कपाशीवर लाल्या आला की फवारतात तेच, कृषी केंद्रात मिळतं. पुडीवर मॅग्नेशियम साधारण साडेनऊ टक्के लिहिलेलं असेल, तर ते पाण्याचे सात रेणू असलेलं स्फटिकी रूप आहे आणि त्याचं रेणुवस्तुमान २४६.५ धरायचं.
- नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईसाठी लागतो, म्हणून भांड्यांच्या दुकानात किंवा जुन्या किराणा दुकानात मिळतो. रेणुवस्तुमान ५३.५.
- तुरटी, मोरचूद, झिंक सल्फेट. मोरचूद आणि झिंक सल्फेट कृषी केंद्रातच.
- बॅटरीचं पाणी, दोन-तीन लिटर. दुकानदाराला ‘डिस्टिल्ड वॉटर’ असं स्पष्ट सांगा आणि बाटलीवरचं लेबल वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घ्यायचं:

- लायकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण), कॉस्टिक सोडा, फेरिक क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड, सौम्य नायट्रिक आम्ल, सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मिथिल रेड किंवा मिथिल ऑरेंज.
- परीक्षानळ्या, स्टँड, गाळणकागद, नरसाळं, काचेची कांडी, ब्युरेट, शंकूपात्र, स्पिरिटचा दिवा.
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. कॉलेजचा बिघडला असेल तर सोनार वापरतात तसा लहान डिजिटल काटा पुरेसा आहे.
- सुई काढलेल्या ५ आणि १० मिलीच्या सिरिंज. पिपेट कमी असतील तिथे याच उपयोगी पडतात. पिपेट असली तरी अमोनिया तोंडाने ओढायचा नाही, कधीच नाही.
- डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे.

युरिया अमोनियाच्या जागी चालत नाही. तो पाण्यात युरिया म्हणूनच विरघळतो. त्यातून अमोनिया सुटायला जमिनीतल्या जिवाणूंचं विकर आणि वेळ लागतो.

२. पाणी तपासा

विदर्भात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींच्या पाण्यात सोडियमचे क्षार आणि क्लोराइड भरपूर असतात. बाकी बऱ्याच भागात बेसाल्टमधून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. हे पाणी पिण्याजोगं असलं तरी या प्रयोगांना चालत नाही. थंड पाण्याच्या कॅनमधलं आरओचं पाणीसुद्धा क्षारमुक्त नसतं.

दोन चाचण्या करा.

पहिली: ५ मिली पाण्यात सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब घाला. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे. हा पांढरा साका सिल्व्हर क्लोराइडचा, आणि तो अमोनिया घातला की विरघळतो, यावरून खात्री करता येते. पण ते अमोनिया आणि चांदीचं द्रावण बाटलीत भरून ठेवू नका. साठवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. चाचणी झाली की लगेच त्यात सौम्य नायट्रिक आम्ल घालून आम्लधर्मी करा आणि टाका.

दुसरी: ५ मिली पाण्यात अमोनियाचे चार-पाच थेंब घालून थोडं गरम करा. गढूळ झालं तर बायकार्बोनेट आहे. अमोनियामुळे बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. असं पाणी वापरलं तर प्रत्येक नळीत साका दिसेल, आणि तो तुमच्या क्षाराचा आहे की विहिरीचा, हे कळणार नाही.

दोन्ही चाचण्यांत स्वच्छ राहिलेलं पाणीच सगळ्या द्रावणांना वापरा. नळ्या धुताना शेवटचा हातही त्याच पाण्याचा द्या.

३. द्रावणं बनवा

लायकर अमोनियाच्या बाटलीवर घनता लिहिलेली असते. ०.९१ घनतेच्या, २५ टक्के अमोनियाची संहती सुमारे १३.४ मोलर येते: ०.९१ × १००० × ०.२५ ÷ १७. इथे १७ने भागायचं, ३५ने नाही. पुस्तकात ‘अमोनियम हायड्रॉक्साइड’ लिहिलेलं असतं म्हणून मुलं ३५ धरतात. बाटलीवरचे टक्के मात्र अमोनियाचे असतात, आणि पाण्यात विरघळलेला बहुतेक अमोनिया अमोनिया म्हणूनच राहतो.

उन्हाळ्यात बाटली उघडण्याआधी अर्धा तास गार पाण्याच्या बादलीत ठेवा. एप्रिल-मेच्या तापमानात बाटलीत वायूचा दाब साठतो आणि बूच काढताच तो थेट तोंडावर येतो. चष्मा लावा, वऱ्हांड्यात उभे राहा, वारा पाठीमागून येऊ द्या. डोळ्यांत उडालाच, तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा.

- अमोनिया, २ मोलर: १५ मिली लायकर अमोनिया पाण्यात ओतून एकूण १०० मिली करा.
- अमोनिया, ०.२ मोलर: वरच्या द्रावणातलं १० मिली घेऊन १०० मिली करा.
- मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ मोलर: २.४६ ग्रॅम, एकूण १०० मिली. कृषी केंद्राचा माल असेल तर तळाशी थोडा गाळ राहतो, तो गाळून घ्या.
- कॉस्टिक सोडा, २ मोलर: ८ ग्रॅम, एकूण १०० मिली. थोडा थोडा टाका, पाणी तापतं. त्यातलं १० मिली घेऊन १०० मिली केलं की ०.२ मोलर तयार.

जुन्या बाटलीतला अमोनिया लेबलवर लिहिला आहे तेवढा राहिलेला नसतो, म्हणून मोजून घ्या. ०.२ मोलर म्हणून बनवलेल्या द्रावणाचे १० मिली शंकूपात्रात घ्या, मिथिल रेडचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. पिवळ्याचा लाल होईपर्यंत २० मिली लागलं तर द्रावण बरोबर ०.२ मोलर. १६ मिली लागलं तर ते ०.१६ मोलर आहे, आणि पुढच्या गणितात तोच आकडा घ्यायचा.

इथे फिनॉल्फ्थॅलिन वापरू नका. सगळा अमोनिया संपतो त्या क्षणी शंकूपात्रात अमोनियम क्लोराइड उरतं, आणि त्याच्या द्रावणाचा सामू साडेपाचच्या खाली असतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग त्याच्या बराच आधी, सामू आठच्या आसपास, हळूहळू फिका होत जातो. नेमका थेंब सापडत नाही आणि उत्तर कमी येतं. मिथिल ऑरेंज चालतं, पण मिथिल रेड जास्त नेमकं.

हळदीचा कागद अमोनियाची वाफ ओळखायला चांगला. ओला कागद बाटलीच्या तोंडाशी धरला की लाल होतो, आणि अमोनिया उडून गेला की परत पिवळा होतो. चुन्याचा किंवा कॉस्टिकचा लाल डाग तसा आपोआप जात नाही. मात्र हळदीवरून सामू १० आहे की ११, हे समजत नाही.

४. हायड्रॉक्साइड किती, ते काढा

अमोनिया + पाणी ⇌ अमोनियम आयन + हायड्रॉक्साइड आयन

केबी = [अमोनियम] × [हायड्रॉक्साइड] ÷ [अमोनिया] = १.८ × १०^-५, २५ अंश सेल्सिअसला.

अमोनिया ०.१ मोलर असेल आणि त्यातला क्ष मोलर आयनीभूत झाला असेल, तर क्ष² ÷ ०.१ = १.८ × १०^-५. म्हणजे क्ष² = १.८ × १०^-६ आणि क्ष = १.३४ × १०^-३ मोलर. पीओएच (हायड्रॉक्साइडसाठीचा सामूसारखा आकडा, १४ वजा सामू) २.८७, सामू ११.१३. शंभरातले जेमतेम सव्वा ते दीड रेणू आयनीभूत झाले आहेत.

छेदात आपण ०.१ वजा क्ष न लिहिता सरळ ०.१ लिहिलं. क्ष मूळ संहतीच्या पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे तोवर हे चालतं. ०.००१ मोलर अमोनियाला हीच युक्ती लावली तर १.३४ × १०^-४ येतं, म्हणजे १३ टक्के. तिथे वर्गसमीकरण सोडवावंच लागतं, खरं उत्तर १.२५ × १०^-४ आहे. परीक्षेत ही तपासणी एका ओळीत लिहून दाखवा.

द्रावण दहापट पातळ केलं म्हणून हायड्रॉक्साइड दहापट कमी होत नाही, साधारण सव्वातीन पटच कमी होतं. पातळ द्रावणात अमोनियाचा आधीपेक्षा मोठा हिस्सा आयनीभूत होतो.

५. मिसळल्यानंतरची संहती घ्या, मग क्यू काढा

हा सगळ्यात साधा सापळा आहे, आणि गुण सगळ्यात जास्त इथेच जातात. ५ मिली ०.१ मोलर मॅग्नेशियम आणि ५ मिली ०.२ मोलर अमोनिया एकत्र केले की आकारमान १० मिली होतं. मॅग्नेशियम ०.०५ मोलर, अमोनिया ०.१ मोलर. गणित या आकड्यांनी करायचं, बाटलीवरच्या आकड्यांनी नाही.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा केएसपी ५.६ × १०^-१२ घ्या. काही पुस्तकांत १.८ × १०^-११ असतो. प्रश्नात दिलेला असेल तर तोच वापरा.

क्यू = [मॅग्नेशियम] × [हायड्रॉक्साइड]² = ०.०५ × १.८ × १०^-६ = ९ × १०^-८

क्यू केएसपीपेक्षा हजारो पटींनी मोठा, म्हणून साका बसणार. वर्ग विसरू नका. मॅग्नेशियमच्या एका आयनाला दोन हायड्रॉक्साइड लागतात, फेरिकला आणि ॲल्युमिनियमला तीन. तिथे घन करायचा.

मॅग्नेशियमच्या जागी कॅल्शियम असतं तर? कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा केएसपी ५.० × १०^-६, क्यू तोच ९ × १०^-८. साका नाही. म्हणून कॅल्शियम क्लोराइडच्या स्वच्छ द्रावणात ताजा अमोनिया घातला की काही होत नाही. गढूळ झालंच, तर अमोनिया जुना आहे: त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला आहे आणि खाली बसतंय ते कॅल्शियम कार्बोनेट. अमोनिया शिळा आहे की ताजा, हे ओळखायला ही चाचणी छान आहे.

६. तीन नळ्यांचा प्रयोग

प्रत्येक नळीत ५ मिली ०.१ मोलर मॅग्नेशियम सल्फेट घ्या.

नळी अ: ५ मिली ०.२ मोलर अमोनिया घाला.
नळी ब: आधी ०.२५ ग्रॅम नवसागर घालून पूर्ण विरघळवा. मग ५ मिली ०.२ मोलर अमोनिया.
नळी क: ५ मिली ०.२ मोलर कॉस्टिक सोडा.

काळ्या कागदासमोर धरून बघा. अ मध्ये पांढरा ढग येतो. ब स्वच्छ राहते. क मध्ये लगेच दाट पांढरा साका. पाच मिनिटं थांबून निरीक्षण लिहा. मग अ आणि क गाळा आणि दोन्हींची निवळी वेगळ्या नळ्यांत घ्या. गाळणी संथ चालेल, कागद बोटाने दाबू नका, फाटतो. निवळीचे पहिले थेंब गढूळ आले तर त्याच कागदातून पुन्हा गाळा.

आता दोन्ही निवळींत १ मिली २ मोलर कॉस्टिक सोडा घाला. क च्या निवळीत फारसं काही दिसणार नाही. अ च्या निवळीत मात्र पुन्हा पांढरा साका येतो, आणि अमोनियाचा वासही येतो. म्हणजे अ मध्ये अमोनिया पुरेसा घालूनही बरंच मॅग्नेशियम वरच राहिलं होतं.

७. अ नळीत निम्मंच का बसलं?

या एका प्रश्नावर थांबा. कमकुवत आम्लारी समजली की नाही, याची कसोटी हाच प्रश्न आहे.

दोन चुकीची उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं: हायड्रॉक्साइड फक्त १.३४ × १०^-३ मोलर आहे, म्हणून त्याच्या निम्मं, ०.०००६७ मोलर मॅग्नेशियम बसेल. हे खरं असतं तर ढग जेमतेम दिसला असता. दुसरं: अमोनिया ०.१ मोलर आहे, मॅग्नेशियमला दुप्पट लागतं, म्हणून सगळं ०.०५ मोलर बसेल. हेही खोटं, निवळीने ते दाखवून दिलंच.

पहिल्या उत्तरात समतोलाचा विसर पडला आहे. झरा असलेल्या विहिरीतून पाणी उपसलं की ती पुन्हा भरते, तसंच इथे घडतं. साक्याने हायड्रॉक्साइड ओढून घेतलं की आणखी अमोनिया आयनीभूत होतो आणि ते भरून काढतो. ०.१ मोलरचा साठा मागे उभा आहे. त्यातला सव्वा-दीड टक्काच एका वेळी दिसतो, एवढंच.

दुसऱ्या उत्तरात अमोनियमचा विसर पडला आहे. हायड्रॉक्साइडचा प्रत्येक आयन तयार होताना एक अमोनियम आयनही तयार होतो. हायड्रॉक्साइड साक्यात जातं, अमोनियम मात्र द्रावणातच साचत राहतं. जसजसं ते साचतं, तसतसं समतोल मागे सरकतो आणि हायड्रॉक्साइडची पातळी घसरते. शेवटी ती इतकी घसरते की क्यू केएसपीइतका होतो आणि साका थांबतो.

हिशेब असा. क्ष मोलर मॅग्नेशियम बसलं, तर

मॅग्नेशियम = ०.०५ − क्ष
अमोनियम ≈ २क्ष
अमोनिया ≈ ०.१ − २क्ष
हायड्रॉक्साइड = १.८ × १०^-५ × (०.१ − २क्ष) ÷ २क्ष

आणि (०.०५ − क्ष) × [हायड्रॉक्साइड]² = ५.६ × १०^-१२ हवं.

हे घनसमीकरण आहे, पण सोडवायची गरज नाही. अंदाजाने आकडे घालून बघा.

क्ष = ०.०२५: हायड्रॉक्साइड १.८ × १०^-५, गुणाकार ८.१ × १०^-१२. केएसपीपेक्षा जास्त, अजून बसेल.
क्ष = ०.०३०: हायड्रॉक्साइड १.२ × १०^-५, गुणाकार २.९ × १०^-१२. कमी झाला, एवढं बसणार नाही.
क्ष = ०.०२७: हायड्रॉक्साइड १.५३ × १०^-५, गुणाकार ५.४ × १०^-१२. जवळपास जुळलं.

म्हणजे ०.०५ पैकी साधारण ०.०२७, अर्ध्याहून थोडं जास्त. प्रत्यक्ष नळीत हा आकडा थोडा सरकतो. द्रावणात आयन दाटीने असतात, मॅग्नेशियमचा काही भाग सल्फेटशी जोडी करून बसतो, आणि खोलीचं तापमान २५ अंश नसतं. पण ‘साधारण निम्मं’ हे उत्तर टिकतं. क नळीत असा लगाम नाही. कॉस्टिक पूर्ण आयनीभूत असतं आणि सोडियम कशालाच मागे ओढत नाही, म्हणून तिथे हजार भागांतले दोन-तीन भागच मॅग्नेशियम वर उरतं.

८. नवसागर किती घालायचा, हे मोजून ठरवा

ब नळीत आपण साचणारं अमोनियम सुरुवातीलाच, बाहेरून घातलं. ०.०५ मोलर मॅग्नेशियमला साका बसू द्यायचा नसेल, तर हायड्रॉक्साइड √(५.६ × १०^-१२ ÷ ०.०५) = १.०६ × १०^-५ मोलरच्या खाली हवं, म्हणजे सामू साधारण ९. त्यासाठी

अमोनियम = १.८ × १०^-५ × ०.१ ÷ १.०६ × १०^-५ = ०.१७ मोलर

१० मिलीत हे ०.०९ ग्रॅम नवसागर होतं. आपण ०.२५ ग्रॅम घातला, म्हणजे ०.४७ मोलर. हायड्रॉक्साइड ३.९ × १०^-६ वर आलं आणि क्यू ७ × १०^-१३ च्या आसपास. सीमेपासून पुरेसं आत. स्थिरांक वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळे असतात, म्हणून गणिताने निघालेल्या प्रमाणाच्या दुप्पट-अडीचपट घालावं.

चिमूट हे माप नाही. प्रॅक्टिकलला चिमूटभर नवसागर टाकला जातो, अमोनिया सढळ हाताने ओतला जातो, आणि मग मॅग्नेशियम तिसऱ्या गटातच पांढरं दिसतं. परीक्षार्थी त्याला ॲल्युमिनियम समजून पूर्ण क्षार चुकवतो.

क्रम उलटा झाला असेल तर? अ नळीसारख्या गढूळ नळीत ०.२५ ग्रॅम नवसागर घालून हलवत राहा. मॅग्नेशियमचा साका हळूहळू विरघळतो. ॲल्युमिनियमचा विरघळत नाही. शंका आली तर हीच चाचणी वापरा.

९. तिसरा गट: काय बसतं, काय नाही

नवसागर घातलेल्या त्याच द्रावणात हायड्रॉक्साइड ३.९ × १०^-६ आहे. तिथे ०.०५ मोलर फेरिक असेल तर क्यू सुमारे ३ × १०^-१८ येतो. फेरिक हायड्रॉक्साइडचा केएसपी २.८ × १०^-३९. एकवीस घातांचा फरक. नवसागर कितीही घातला तरी फेरिक थांबत नाही, आणि मॅग्नेशियम थोडक्यातच थांबतं. गट वेगळे होतात ते या दरीमुळे.

फेरिक: तांबूस-तपकिरी, अमोनिया जास्त झाला तरी विरघळत नाही.

ॲल्युमिनियम (तुरटीचं द्रावण): पांढरा, जेलीसारखा, जवळजवळ पारदर्शक. उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. अमोनिया फार जास्त झाला तर थोडा विरघळतो, म्हणून वास जेमतेम येईपर्यंतच घाला आणि हलकी उकळी द्या.

झिंक: अमोनियाच्या पहिल्या थेंबांना पांढरा, जास्त घातला की विरघळतो. नवसागर आधीच असेल तर बसतच नाही.

कॉपर (मोरचूद): आधी फिकट निळा, जास्त अमोनियात विरघळून गडद निळं द्रावण.

झिंक आणि कॉपर विरघळतात ते हायड्रॉक्साइडमुळे नाही. अमोनियाचे रेणू थेट त्या धातूच्या आयनाला बिलगतात आणि साधा आयन जवळजवळ उरतच नाही. संत्र्याच्या झाडाला लावायची बोर्डो पेस्ट मोरचूद आणि चुन्याचीच करतात (एक किलो, एक किलो, दहा लिटर पाणी), त्याचंही कारण हेच. चुन्याने तांबं साक्यात अडकून खोडावर टिकतं. अमोनियाने ते विरघळून पावसात वाहून गेलं असतं.

तिसऱ्या गटाकडे येण्याआधी दोन कामं विसरू नका. दुसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड वापरला असेल तर द्रावण उकळून तो पूर्ण घालवा. राहिला तर अमोनिया घालताच त्यातून सल्फाइड आयन मिळतात आणि झिंक, मँगनीज, निकेल अवेळी खाली येतात. दुसरं, लोह फेरस रूपात असेल तर तीव्र नायट्रिक आम्लाचे दोन-तीन थेंब घालून उकळा. अमोनियम भरपूर असताना फेरसचा साका पूर्ण बसत नाही, फेरिकचा बसतो.

शेवटच्या गटात मॅग्नेशियम ओळखताना नवसागर आणि अमोनिया घालून मग डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घालतात. पांढरा स्फटिकी साका यायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. काचेच्या कांडीने नळीची आतली बाजू खरवडा, लवकर येतो. घाईने ‘मॅग्नेशियम नाही’ लिहू नका.

१०. दिसलं एक, अपेक्षित दुसरं

ब नळीतही गढूळपणा: नवसागर पूर्ण विरघळला नव्हता, की पाण्यात बायकार्बोनेट होतं? नुसत्या पाण्यात अमोनिया घालून बघा.

अ नळीत काहीच नाही: अमोनिया उडालेला आहे. टायट्रेशन केलं असतं तर आधीच कळलं असतं.

सगळ्याच नळ्यांत फिकट तपकिरी छटा: नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह.

क च्या निवळीतही कॉस्टिक घातल्यावर बराच साका: पहिल्यांदा कॉस्टिक कमी पडलं. उघड्या डब्यातला सोडा हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून ८ ग्रॅम मोजला तरी तेवढं कॉस्टिक त्यात नसतं.

गणितात साका आहे, पण क्यू केएसपीच्या दोन-तीन पटच आहे: नळीत तो लगेच न दिसण्याची शक्यता धरा. अशा सीमेवरच्या संहती प्रात्यक्षिकासाठी निवडू नका.

११. उरलेलं कुठे टाकायचं

मोरचूद आणि झिंकच्या नळ्या एका प्लास्टिकच्या बादलीत रिकाम्या करा. त्यात आधी सौम्य आम्ल घालून अमोनियाचा वास घालवा, नाहीतर तांबं निळ्या द्रावणातच राहतं. मग चुन्याची निवळी थोडी थोडी घालत जा, काम उघड्यावर करा. दुसऱ्या दिवशी खाली बसलेला गाळ वेगळा काढून सुकवून, लेबल लावून ठेवा. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं.

चांदीचा कचरा या बादलीत मिसळू नका. आणि अमोनिया असलेलं काहीही ब्लीचिंग पावडरच्या संपर्कात येऊ देऊ नका. ग्रामपंचायतीकडून विहिरीसाठी आलेली पोती बऱ्याच ठिकाणी शाळेच्याच खोलीत ठेवलेली असतात. दोन्ही एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. अमोनियाची बाटली वेगळ्या खोलीत, जमिनीलगतच्या फळीवर, बूच घट्ट लावून ठेवा.